छायाचित्र-संग्रहांतील ‘गहाळ’ चित्रें : एक परीक्षण

हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्या मंडळींत अलीकडे एक नवें दुखणें उद्भवलें आहे. पूर्वीं पोथी वाळवीनें खाल्ली, पुरांत भिजली किंवा भाऊबंदांच्या वांटणींत फुटली, म्हणजे ती गेली असें म्हणत. आतां पोथी फडताळांत सुखरूप असते, किंवा ती केव्हांच नष्ट होऊन तिचीं छायाचित्रें तेवढीं उरलेलीं असतात. आणि संगणकावरील संग्रह उघडावा तों एखाद्या पत्राच्या जागीं करडा चौकोन व त्यावर एक उद्गारचिन्ह दिसतें. संग्राहक म्हणतो, चित्र गहाळ झालें. आणि यादींतील नोंद काढून टाकतो. पुढें कोणी अभ्यासक तीच यादी पाहून ‘या प्रतींत पत्र ४७ नाहीं’ असें छापतो, व त्याच्यामागून येणारा त्या छापील वाक्याचाच आधार घेतो. अशा रीतीनें यंत्रांतील एक तुटलेला दुवा इतिहासांतील त्रुटि होऊन बसतो.

प्रस्तुत लेखांत असे संग्रह राखणाऱ्या तीन प्रचलित साधनांचें परीक्षण करण्याचें आम्ही योजिलें आहे. कोणत्या साधनांत चित्र अधिक सुंदर दिसतें हा आमचा प्रश्न नव्हे. चित्र दिसेनासें झालें असतां तें साधन खरें काय तें सांगतें कीं नाहीं, एवढ्याच कसोटीवर आम्ही त्यांस घासून पाहणार आहों.

(१) ही कसोटी आपल्या शास्त्रांस नवी नाहीं. भाट्ट मीमांसक व अद्वैती वेदांती अनुपलब्धि हें सहावें प्रमाण मानतात; बौद्ध आचार्य धर्मकीर्ति तिला स्वतंत्र प्रमाण न मानतां अनुमानांतील हेतु मानतो. वाद पुष्कळ आहे. परंतु एका गोष्टीवर उभय पक्षांचें एकमत आहे. जी वस्तु तेथें असती तर दिसलीच असती, तिच्याच न दिसण्यावरून ती नाहीं असें म्हणतां येतें. उजेडांत भूतल दिसतें आणि घट दिसत नाहीं, म्हणून तेथें घट नाहीं हें सिद्ध होतें. अंधारांत घट दिसला नाहीं, तर त्यावरून घटाबद्दल कांहींच सिद्ध होत नाहीं. आधीं दिवा आणावा लागतो. पहिलीस योग्यानुपलब्धि म्हणतात. संगणकावर ‘गहाळ’ ठरलेल्या पुष्कळ चित्रांची अनुपलब्धि या अर्थानें योग्य नसते.

पाठचिकित्सेंतही हाच विवेक आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तींत, लेखकानें श्लोक गाळला असेल तर एक संज्ञा आणि त्या पोथीचा तेवढा भागच हरवला असेल तर दुसरी संज्ञा, असा भेद तळटीपांत पाळलेला आहे. कारण पहिली गोष्ट त्या परंपरेच्या पाठाविषयीं कांहीं सांगते; दुसरी केवळ त्या एका पोथीच्या दैवाविषयीं.

(२) पडद्यावर जो चित्र-संग्रह म्हणून दिसतो, त्याचे वस्तुतः तीन भाग असतात. पहिला, मूळ फाईल. दुसरा, तिची लहान प्रतिकृति, जिला थंबनेल म्हणतात. तिसरा, यादी, म्हणजे कोणती फाईल कोणत्या डिस्कवर, कोणत्या फोल्डरांत, कोणत्या नांवानें आहे, याची नोंद. हे तीन भाग एकमेकांपासून सुटूं शकतात. थंबनेल दिसते एवढ्यावरून मूळ शाबूत आहे असें होत नाहीं. आणि मूळ सांपडत नाहीं एवढ्यावरून नोंद खोटी ठरत नाहीं. आउफ्रेख्ट या जर्मन पंडितानें १८९१ ते १९०३ या काळांत संस्कृत हस्तलिखितांची जी महासूची तीन भागांत प्रसिद्ध केली, ती मुख्यतः इतर सूचींवरूनच रचलेली आहे. तींत नोंद आहे म्हणून पोथी आज त्या जागीं असेलच, असें कोणी जाणता मानीत नाहीं. पण पोथी जागेवर नाहीं म्हणून तो नोंद खोडीतही नाहीं. ती कोठें हलली हें तो आधीं विचारतो. संगणकापुढें बसल्यावर हा शहाणपणा आपण कां सोडावा ?

(३) अडोबी कंपनीचें लाइटरूम, ज्याची पहिली आवृत्ति २००७ सालीं निघाली व ज्यास आतां लाइटरूम क्लासिक म्हणतात, तें निव्वळ यादी राखणारें साधन आहे. चित्रें आपल्या डिस्कवर आपण ठेवूं तेथेंच राहतात. त्याच्या कॅटलॉगांत फक्त पत्ता असतो. आपण फोल्डराचें नांव बदललें, किंवा फाईल त्या साधनाबाहेरून दुसरीकडे हलविली, कीं पत्ता खोटा पडतो आणि चित्रावर उद्गारचिन्ह उमटतें. या साधनाचा मोठा गुण असा कीं, त्या चिन्हावर दाबलें असतां फाईल पूर्वीं कोठें होती तो पत्ता तें दाखवितें, आणि नवी जागा आपण दाखवून दिल्यास शेजारचीं हरवलेलीं चित्रेंही स्वतः जुळवून घेतें. ग्रंथपालास शोभेल अशीच ही वागणूक आहे.

दोष मात्र लहान नाहीं. डिस्क जोडलेली नाहीं आणि फाईल पुसली गेली, या दोन अगदीं भिन्न गोष्टी चित्रावरील त्या चिन्हांत एकवटल्या आहेत. विंडोजमध्यें बाहेरून जोडलेल्या डिस्कला एक अक्षर मिळतें; काल जिला ‘ई’ हें अक्षर होतें तिला आज ‘एफ’ मिळालें, तर सहस्रावधि चित्रें एका क्षणांत ‘गहाळ’ होतात, आणि त्यांतील एकही नष्ट झालेलें नसतें. घाबरलेला संग्राहक अशा वेळीं जुन्या नोंदी काढून तींच चित्रें पुन्हां नव्यानें भरतो. यासारखा अनर्थ नाहीं. शीर्षकें, पत्रांक, विषयवारी, उजेड-अंधाराच्या दुरुस्त्या, हें सर्व सामान्यतः कॅटलॉगांतच असतें. नोंद गेली कीं वर्षावर्षांचें काम तिच्याबरोबर जातें.

येथें देवनागरी नांवें देणाऱ्यांसाठीं एक विशेष सांगणें अवश्य आहे. ‘कऱ्हाड’ हा शब्द घ्या. त्यांतील अर्धा र संगणकावर तीन तऱ्हांनीं लिहितां येतो : ‘ऱ’ हें एकसंध अक्षर घेऊन, र व नुक्ता हीं दोन चिन्हें घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि डोळ्यांस न दिसणारें एक जोडचिन्ह घेऊन. वाचकास तिन्ही रूपें एकच. विंडोज व लिनक्स यांस तीं सामान्यतः तीन निरनिराळीं नांवें. २०१७ पर्यंत मॅक संगणकांवर प्रचलित असलेली जुनी फाईल-रचना तर नांवांतील अशीं एकसंध अक्षरें आपण होऊन फोडून ठेवीत असे. तस्मात् अशा डिस्कवरील फोल्डर दुसऱ्या यंत्रावर नेल्यावर यादींतील ‘कऱ्हाड’ आणि डिस्कवरील ‘कऱ्हाड’ जुळले नाहींत, तर तो डोळ्यांस न दिसणारा पाठभेद समजावा. फाईलींचीं व फोल्डरांचीं नांवें साध्या अंकांत ठेवावीं आणि देवनागरी शीर्षक आंतील नोंदींत लिहावें, हा यावर सुरक्षित उपाय होय.

(४) ॲपल कंपनीचें फोटोज हें मॅकसाठीं २०१५ सालीं आलें. त्याची पद्धत उलट आहे : सामान्यतः तें मूळ चित्रेंच आपल्या पोटांत घेतें, व बाहेरून सर्व संग्रह एकच वस्तु म्हणून दिसतो. पेटी एक असल्यानें पानें विस्कटत नाहींत, हा गुण. परंतु २०१९ पासूनच्या आवृत्तींत पोटांतील मूळ फाईलींस यंत्रानें दिलेलीं लांबलचक सांकेतिक नांवें असतात. संग्राहकानें दिलेलें ‘पत्र ४७ पृष्ठ’ हें नांव यादींतच राहतें. यादी बिघडली तर चित्रें असूनही अनामिक होतात. समासांतील पत्रांक पुसून पोथीचीं पानें सुटीं करावीं, तसेंच हें. यादी सांधण्यासाठीं ऑप्शन व कमांड या दोन कळा एकत्र दाबून तें साधन उघडावें, म्हणजे तें दुरुस्तीविषयीं विचारतें. मात्र त्यापूर्वीं संपूर्ण संग्रहाची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवावी.

या साधनांत चित्रें ‘नाहींशीं’ होण्याचीं आणखी तीन कारणें आहेत आणि तिन्हींत चित्र सुखरूप असतें. एक, संग्रह दोन असून भलताच उघडलेला असतो. दुसरें, जागा वांचविण्याची सोय चालू असल्यानें मूळ फाईल दूरच्या भांडारांत व हातीं फक्त लहान प्रत असते. तिसरें, चित्र ‘लपविलेल्या’ चित्रांच्या कुलुपबंद कप्प्यांत गेलेलें असतें. पुसलेलें चित्रही ३० दिवस वेगळ्या कप्प्यांत राहतें. एवढ्या जागा असतांना साधन आपण होऊन ‘आधीं येथें पाहा’ असें सांगत नाहीं, हें त्याचें वैगुण्य होय.

(५) गूगल फोटोज या तिसऱ्या साधनांत संग्रह सर्वस्वीं दूरच्या यंत्रांवर असतो. तेथें संग्रहांत चढविलेलें चित्र पुसल्यास ६० दिवस टोपलींत राहतें. ‘अर्काइव्ह’मध्यें टाकलेलें चित्र मुख्य पटावर दिसत नाहीं, पण शोधल्यास सांपडतें. आमचा मुख्य आक्षेप निराळा आहे. जागा वांचविण्याचा पर्याय निवडल्यास १६ मेगापिक्सेलांहून मोठें चित्र त्या मापापर्यंत लहान केलें जातें. घरच्या समारंभाच्या चित्रास यानें कांहीं बिघडत नाहीं. परंतु मोडी कागदावरील फिकट शिक्का वाचणाऱ्यास हीही एक प्रकारची गहाळीच. आणि हिला उद्गारचिन्हही नसतें.

दूरचें भांडार बंद पडणें म्हणजे काय, याचें ठळक उदाहरण लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीचें आहे. ऑक्टोबर २०२३ मध्यें तिच्या संगणकांवर खंडणीखोरांचा हल्ला झाला आणि तेथील हस्तलिखितांचीं छायाचित्रें जगभरच्या अभ्यासकांस दीर्घकाळ दिसेनाशीं झालीं. मार्च २०२४ मध्यें त्या संस्थेनें प्रसिद्ध केलेल्या अहवालांत स्पष्ट म्हटलें आहे कीं, चित्रांच्या व नोंदींच्या सुरक्षित प्रती होत्या. त्या पुन्हां मांडण्यास लागणारी यंत्रणाच उद्ध्वस्त झाली होती. दिवा विझला होता, घट जागेवर होता. परंतु ज्याच्या हातीं स्वतःची प्रत नव्हती, त्याचें काम तेवढा काळ अडलें तें अडलेंच.

(६) याचा अर्थ खरा अभाव नसतोच, असें आमचें म्हणणें नाहीं. तो मुख्यतः दोन प्रकारचा. चित्र कॅमेऱ्याच्या कार्डावरून संग्रहांत कधीं आलेंच नाहीं, हा प्रागभाव. कार्ड पुसलें नसेल तर त्यास अजून उपाय आहे. आलेलें चित्र पुसलें गेलें किंवा दुसऱ्यानें झांकलें, हा प्रध्वंस. कॅमेरे फाईलींस चार अंकी क्रमांक देतात. ९९९९ नंतर पुन्हां ०००१ येतो. दोन वर्षांचीं चित्रें एकाच फोल्डरांत ओतून ‘जुन्या जागीं नवें घाला’ या प्रश्नास होकार दिला, कीं एका पोथीचें पत्र दुसऱ्या पोथीच्या पत्राखालीं कायमचें गाडलें जातें. पुसल्याचें ध्यानांत येतांच त्या कार्डावर पुढें कांहींही लिहूं नये. जुनी अक्षरें त्या जागेवर नवें लिहिलें जाईपर्यंत बहुधा परत मिळवितां येतात.

(७) आमचा निर्णय असा : तीन साधनांत लाइटरूम हें पूर्वीचा पत्ता सांगतें म्हणून सर्वांत प्रामाणिक, फोटोज सर्वांत नेटकें, पण नांवांच्या बाबतींत धोक्याचें, गूगल फोटोज दाखविण्यास सोयीचें, पण मूळ प्रत म्हणून विसंबण्यास अपात्र. अभावाच्या प्रकारांचा विवेक मात्र एकही साधन पुरता करीत नाहीं. तो संग्राहकासच केला पाहिजे. नोंद न काढतां, कांहींही पुन्हां न भरतां, त्यानें क्रमानें पाहावें : डिस्क जोडली आहे काय, संग्रह व खातें योग्य तेंच आहे काय, लपविलेले व पुसलेले कप्पे पाहिले काय, नांवानें व तारखेनें सर्व डिस्क शोधली काय, दुसऱ्या प्रतींत चित्र आहे काय. एवढ्या उजेडांत जें दिसलें नाहीं, तेंच नाहीं.

आपले जुने लेखक पोथीच्या शेवटीं ग्रंथसंख्या देत. ३२ अक्षरांचा एक ग्रंथ, अशा किती ग्रंथांची ही पोथी, हें सांगितलें कीं कमीअधिक झालेलें पुढच्या माणसास कळे. प्रत्येक पोथीच्या फोल्डरांतही अशी एक साधी लेखी टीप असावी : पत्रें १००, दोन्ही पृष्ठें, चित्रें २००, शक्य तर प्रत्येक फाईलीचा पडताळा-अंकही. मग अनुपलब्धि योग्य ठरण्यास आधार मिळतो. आणि सर्व चित्रांच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गांवीं, अशा असाव्या. एकीकडे पुसलें कीं दुसरीकडे आपोआप पुसलें जातें, अशी सोय म्हणजे प्रत नव्हे. ती आरशांतील छाया होय.

शेवटीं संशोधन-पत्रिकांच्या संपादकांस एक विनंति. केवळ चित्र-संग्रह पाहून ‘पत्र नाहीं’ असें लिहिणाऱ्या लेखकाकडून, त्यानें पोथी पाहिली कीं फक्त चित्रें पाहिलीं, हें स्पष्ट लिहून घ्यावें. ‘पत्र ४७ चें छायाचित्र अनुपलब्ध, पोथी पाहिलेली नाहीं’ एवढें वाक्य पुरे आहे. त्यानें पुढच्या शोधकाचा मार्ग उघडा राहतो. आणि फडताळांत स्वस्थ पडलेलें पत्र नसल्याचा बोभाटा तरी होत नाहीं.