'ताण' ही संज्ञा आणि अध्यापकांची निवड

एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाने ताणाच्या अभ्यासासाठी मज्जासंस्थेचे अभ्यासक अध्यापक म्हणून नेमावयाचे ठरविले, म्हणजे निवड समितीपुढील पहिली अडचण शब्दाची असते. उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी तोलणारा, मेंदूतील पेशींचे रसायन तपासणारा आणि रुग्णांच्या चिंतेची नोंद ठेवणारा, हे तिन्ही उमेदवार आपला विषय 'ताण' असाच सांगतात. आणि तिघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. या संदिग्धतेचे मूळ बहुतांशी हान्स सेल्ये यांच्या लेखनात आहे. म्हणून त्यांचा 'द स्ट्रेस ऑफ लाइफ' (१९५६) हा ग्रंथ परिभाषेच्या अंगाने पुन्हा वाचणे इष्ट ठरते.

सेल्ये यांनी १९३६ साली 'नेचर' नियतकालिकात जे छोटे टिपण प्रसिद्ध केले, त्यात 'स्ट्रेस' हा शब्द नव्हता. तेथे 'अपायकारक कारक' असाच प्रयोग होता. पुढे आणलेला शब्द स्थापत्य व पदार्थविज्ञान यांच्या परिचयाचा. तेथे 'स्ट्रेस' म्हणजे प्रतिबल आणि त्यामुळे वस्तूत घडणारा बदल म्हणजे 'स्ट्रेन', अर्थात विकृती. सेल्ये यांनी कार्याला कारणाचे नाव दिले आणि मग कारणासाठी 'स्ट्रेसर' हा निराळा शब्द घडवावा लागला. आपले इंग्रजी अधिक पक्के असते तर आपण 'स्ट्रेन'च म्हटले असते, अशा आशयाची कबुली त्यांनी उत्तरायुष्यात दिली. फ्रेंचांनी तर भाषांतराचा नाद सोडून मूळ शब्दच पुंल्लिंगी करून घेतला. मराठीत या एकाच इंग्रजी शब्दासाठी पदार्थवैज्ञानिक 'प्रतिबल' म्हणतो, ध्वनिशास्त्रज्ञ 'आघात' म्हणतो आणि डॉक्टर 'ताण' म्हणतो. ही आपली श्रीमंतीच होय. परंतु 'ताण' म्हणताच मराठी वाचकाच्या मनात 'मानसिक' हे विशेषण न उच्चारता उभे राहते. थंडीने गारठलेला, जखमी किंवा विषबाधा झालेला उंदीर त्याच्या डोळ्यांपुढे येत नाही. आणि सेल्ये यांचे शास्त्र तर त्याच उंदरापासून सुरू झाले.

ग्रंथाचे बळ त्याच्या निरीक्षणात आहे. कारणे भिन्न असूनही अधिवृक्क ग्रंथींची वाढ, थायमस व लसीका ग्रंथींचा संकोच आणि जठरातील व्रण हे त्रिकूट पुन्हा पुन्हा दिसते, हे सेल्ये मोठ्या रसाळपणे सांगतात. इशारा, प्रतिकार आणि क्षीणता या तीन अवस्थांची मांडणीही सुबोध आहे. मात्र ताण म्हणजे कोणत्याही मागणीला शरीराने दिलेला अविशिष्ट प्रतिसाद, ही व्याख्या इतकी रुंद आहे की तिच्याबाहेर काय उरते हे सांगणे कठीण. शिवाय इजा झाल्याची वार्ता पोष ग्रंथीपर्यंत नेणारा पहिला दूत कोण, ही जागा ग्रंथात मोकळीच राहते. ती मोकळी आहे हे सेल्ये लपवीत नाहीत, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानावे.

त्या मोकळ्या जागेचा शोध त्यांच्याच शिष्याने हाती घेतला. माँट्रियल येथे सेल्ये यांच्या संस्थेत डॉक्टरेट मिळवून रोजर गिलमाँ १९५३ साली ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाविज्ञानाचे अध्यापक झाले. १९५७ मध्ये अँड्र्यू शॅली तेथे आले. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून पोष ग्रंथीला, पर्यायाने अधिवृक्क ग्रंथींना, जागे करणारे द्रव्य वेगळे काढणे हा दोघांचा ध्यास. १९६२ मध्ये शॅली निघून गेले व दोघे प्रतिस्पर्धी बनले. ते द्रव्य दोघांच्याही हाती लागले नाही. वाटेत दुसरी सापडली, त्यांवर १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि मूळ द्रव्याची रचना, ४१ अमिनो आम्लांची साखळी, १९८१ साली गिलमाँ यांचे शिष्य वायली व्हेल यांनी दाखविली. बेलरमधील त्या नेमणुकीपासून अठ्ठावीस वर्षे! दर तीन वर्षांनी फलिताचा हिशेब मागणाऱ्या समितीच्या वहीत ही नेमणूक फसलेली म्हणूनच नोंदली गेली असती.

व्याख्येला खरा धक्का मात्र अन्यत्र बसला. जॉन मेसन यांनी माकडांना उपाशी ठेवताना पोषणशून्य गोळ्या चघळावयास दिल्या, तेव्हा उपवास तोच असूनही अपेक्षित हॉर्मोनवाढ दिसेना. म्हणजे 'अविशिष्ट' म्हणून गणलेल्या प्रतिसादात वंचनेच्या जाणिवेचा वाटा मोठा होता. १९६८ मध्ये ब्रूस मॅकईवन व सहकाऱ्यांनी अधिवृक्क ग्रंथीचे हॉर्मोन उंदराच्या मेंदूतील हिप्पोकँपस हा भाग धरून ठेवतो असे दाखविले. तेव्हापासून मेंदू हा ताणाची आज्ञा देणारा तसाच ताण सोसणाराही ठरला. सेल्ये यांच्या ग्रंथातील ग्रंथींचे शास्त्र एवढ्यावर निकालात निघत नाही. परंतु ते एकट्याने पुरे पडत नाही.

मग जाहिरातीत नुसते 'ताणाचा अभ्यास' असे घालून भागेल काय? त्या शब्दाने देणगीदार येतील, अर्जांचा ढीगही पडेल. समितीने विचारावयाचे ते हे : उमेदवार ताण म्हणतो तेव्हा तो उंदरावर लादलेली थंडी मोजतो, की त्या थंडीने मेंदूत झालेला बदल, की माणसाने स्वतःविषयी दिलेली जबानी, आणि या तिहींपैकी एकावरून दुसऱ्यावर जाताना तो कोणता पुरावा देतो?