वुडचक : बंदूक आणि पातेलं

मंडळी, शिकारीच्या साहित्यावर बोलायचं म्हटलं की वाघ येतो, नरभक्षक येतो, मचाण येतं. फारच झालं तर रानडुक्कर. आज आम्ही ज्या जनावराबद्दल बोलणार आहोत त्याच्यासाठी मचाण कधी कुणी बांधलं नाही. अमेरिकेत त्याला वुडचक म्हणतात, ग्राउंडहॉग म्हणतात. खारीच्या कुळातलं, पण जमिनीत बीळ करून राहणारं. बुटकं, जाडं, दोन ते सहा किलोंचं. हिवाळाभर बिळात झोपतं आणि उन्हाळाभर क्लोव्हर, सोयाबीन, घेवडा, कोबी, पुढ्यात येईल ते खातं. आपल्याकडे हे नाही. लडाखात त्याचा भाऊबंद मार्मोट दिसतो. त्याला पर्यटक बिस्किटं घालतात, जी घालू नयेत.

अमेरिकन साहित्यात या जनावरावर जेवढं चांगलं लिहिलं गेलंय तेवढं अस्वलावरही नसेल, असं म्हणायचा मोह होतो. पण फॉकनर आडवा येतो, म्हणून म्हणत नाही. (हशा)

आधी एक शब्द बघू. शेताचं नुकसान करणाऱ्या अशा जनावरांना तिकडे 'व्हार्मिंट' म्हणतात. इंग्रजीतल्या 'व्हर्मिन'चं हे गावठी रूप. मूळ लॅटिन, अर्थ किडा. म्हणजे बघा, सहा किलोंचं, केसाळ, पिल्लं वाढवणारं जनावर, आणि नाव किड्याचं. एकदा किडा म्हटलं की मारणाऱ्याला हिशेब द्यावा लागत नाही. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत वुडचकच्या शिकारीला ना हंगामाचं बंधन, ना संख्येचं. न्यू हॅम्पशायर राज्याने तर १८८३ साली मारलेल्या प्रत्येक वुडचकमागे दहा सेंट बक्षीस लावलं होतं. आणि हसू नका, हा शब्द आपल्या घरातही आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची पाचवी अनुसूची याच 'व्हर्मिन'ची होती. कावळा, उंदीर, फळं खाणारी वटवाघळं तिच्यात होती. २०२२च्या दुरुस्तीत अनुसूची गेली, शब्द मात्र कायद्यात राहिला.

आता मुद्द्याकडे. आमची तक्रार अशी की या विषयावरचं साहित्य वाचताना समीक्षक बंदुकीकडे बघतात, पातेल्याकडे कुणी बघत नाही. जनावर मारल्यावर त्याचं काय झालं? खाल्लं की टाकलं? हा प्रश्न नैतिक आहेच, पण आधी तो वाङ्मयीन आहे, असं आम्हाला वाटतं. लेखक कुठे थांबतो, गोळी सुटल्यावर की जेवण झाल्यावर, यावरून त्याचा सगळा सूर कळतो.

थोरो घ्या. मराठी वाचकाला तो परका नाही. दुर्गाबाई भागवतांनी 'वॉल्डनकाठी विचारविहार' करून तो आपल्या हाती दिलाय. १८४५ ते १८४७ तो तळ्याकाठी राहिला, १८५४ साली पुस्तक आलं. या पुस्तकात वुडचक एकदा येऊन जात नाही, पुन्हा पुन्हा येतो. घेवड्याच्या शेताच्या प्रकरणात तो शेताचा मोठा तुकडा कुरतडून साफ करतो, आणि थोरो स्वतःलाच विचारतो की इथली रानवनस्पती उपटून या प्राण्याची जुनी बाग मोडायचा मला हक्क काय होता. दुसरीकडे तो सांगतो की एकदा शेत खाणारा एक वुडचक मी मारला आणि खाल्लाही, थोडा प्रयोग म्हणून. चव लागली, पण कस्तुरीसारखा उग्र वास होता. गावच्या खाटकाकडून सोलून-साफ करून आणला तरी हा रोजचा रिवाज व्हावा असं त्याला वाटत नाही. आणि तिसरीकडे, जिथे तो उच्चतर नियमांची चर्चा करतो, तिथे सुरुवातच अशी : संध्याकाळी मासे घेऊन घरी येताना वाटेत वुडचक दिसला आणि त्याला धरून कच्चाच खावा अशी रानटी ओढ लागली. भूक नव्हती. हवा होता तो त्याच्यातला रानटीपणा.

बहुतेक टीकाकार या तिसऱ्या जागेवर उड्या मारतात. रानटीपणा, आदिमता, आत्म्याची भूक वगैरे. आम्हाला विचाराल तर तीच जागा सगळ्यांत कच्ची आहे. शब्दशः कच्ची. कारण न खाल्लेल्या वुडचकबद्दल मोठं बोलणं सोपं असतं. खाल्लेल्या वुडचकबद्दल थोरो दोन ओळींत आटोपतो, आणि त्या दोन ओळींत वास आहे, खाटीक आहे, जराशी लाजही आहे. ती जागा खरी.

त्या वासाबद्दल थोडं थांबू. 'जॉय ऑफ कुकिंग' नावाचं एक पाकपुस्तक आहे. इर्मा रोम्बाउर या बाईंनी १९३१ साली स्वतःच्या खर्चाने छापलं, आणि पुढे ते अमेरिकेतल्या घराघरांत गेलं. त्याच्या नंतरच्या आवृत्त्यांमध्ये वुडचकचीही कृती होती. तिच्यात आधी बजावलंय की पुढच्या पायांच्या काखेत आणि पाठीच्या खालच्या भागात सात-नऊ छोट्या ग्रंथी असतात, त्या शोधून काढून टाका. त्या राहिल्या की मांसाला वास मारतो. आता थोरोने त्या काढल्या होत्या का? तो काही सांगत नाही. काढल्या नसतील, तर ज्या वासावरून त्याने वुडचक खाण्याचा रिवाजच निकालात काढला, तो वास कदाचित जनावराचा नव्हताच, स्वयंपाक्याच्या चुकीचा होता. (हशा) आम्ही हे गमतीने म्हणतोय, पण पूर्ण गमतीनेही नाही. स्वयंपाकघरातलं अपयश तत्त्वज्ञानात कसं बदलतं याचा हा नमुना असू शकतो. दुर्गाबाईंना ही शंका आवडली असती असं वाटतं. 'खमंग' लिहिणाऱ्या बाई त्या.

बरं, तिकडचे जुने जाणते कोवळं जनावर घेत. वसंतात जन्मलेलं पिल्लू, घेवड्यावर आणि क्लोव्हरवर वाढलेलं, उन्हाळ्याच्या मध्यावर मारायचं. आधी उकळून पाणी फेकायचं, मग पिठात घोळून तळायचं किंवा शिजवायचं. ॲपालाचियन डोंगरात कातडंही वाया जात नसे. ते कमावून बँजोवर चढवत. जनावर पोटात आणि कातडं गाण्यात.

आता दुसरं टोक. १९३५ साली विंचेस्टर कंपनीने पॉइंट टू-टू-झिरो स्विफ्ट नावाचं काडतूस बाजारात आणलं. त्याची गोळी सेकंदाला ४००० फुटांहून जास्त वेगाने जाते. हे वुडचकसारख्या छोट्या जनावरांसाठीच. का? तर दोन-तीनशे यार्डांवरून, कुरणाच्या पलीकडल्या बांधावर उभं राहिलेलं मांजराएवढं जनावर टिपता यावं. अशा बंदुकींची व्हार्मिंट गोळी पातळ कवचाची असते, लागल्याबरोबर फुटते. यात एक सोय आहे : दगडावर आपटली तर उसळून शेजारच्या गोठ्यात जात नाही. शेतकऱ्याच्या कुरणात हे महत्त्वाचं, कबूल. पण त्याच कारणाने मांसाच्या चिंधड्या होतात, आणि त्यात शिशाचे कण राहतात. जागीच टाकलेलं ते जनावर गिधाडं, गरुड खातात. शिसं त्यांच्या पोटात जातं. जो खाण्यासाठी मारतो तो पॉइंट टू-टूची साधी बंदूक घेतो, जवळ सरकतो, डोक्यात गोळी घालतो. म्हणजे काडतुसाकडे बघूनच कळतं की पुढे पातेलं आहे की नाही. हत्यार हेसुद्धा एक विधान असतं, आणि ते लेखकाच्या विधानापेक्षा कमी खोटं बोलतं.

पातेलं नसलेलं मारणं साहित्यात सगळ्यांत नीट कुणी लिहिलं? मॅक्सिन क्युमिन. न्यू हॅम्पशायरात शेतावर राहणारी कवयित्री. तिच्या 'अप कंट्री' या १९७२च्या संग्रहात वुडचकवरची कविता आहे. संग्रहाला पुलित्झर मिळालं. कवितेतली बाई आधी बिळात विषारी वायूचं नळकांडं टाकते, तोंडं दगडांनी बुजवते. जनावरं सकाळी ठणठणीत, भाजीच्या वाफ्यात हजर. मग ती बंदूक उचलते. एक पिल्लू, मग आई, मग आणखी एक पिल्लू. आपण शांततावादी होतो आणि आता हातात बंदूक आलीय, याची तिला जाणीव आहे. त्यातली मजाही तिला कळतेय, आणि हेच भयंकर आहे. एक म्हातारा हुशार नर उरतो, तो तिच्या झोपेत येतो. शेवटी तिला वाटतं की ती सगळी आधीच जमिनीखाली, न दिसता, नाझींच्या पद्धतीने मेली असती तर बरं झालं असतं.

हा शेवट अनेकांना जास्त झाल्यासारखा वाटतो. भाजीच्या वाफ्यातून थेट छळछावणी? आम्हालाही पहिल्या वाचनात तसंच वाटलं. पण कवितेत कुणी काही खात नाही, हे लक्षात घ्या. मेलेल्यांचं काय केलं हे ती सांगतच नाही. जनावराला 'किडा' म्हटल्यावर जे सुरू होतं ते तिने शेवटपर्यंत नेलंय, आणि क्युमिन ज्यू होती, तिने हा शब्द सहज वापरलेला नाही. थोरोला उग्र वास तरी आला. क्युमिनच्या बाईला वासही नको, दृश्यही नको. म्हणून ही कविता आम्ही थोरोच्या 'उच्चतर' प्रकरणाच्या वर ठेवतो. तिथे हिंसेला आत्म्याची झूल आहे, इथे नाही.

फ्रॉस्टबद्दल थोडक्यात. त्याच्या १९३६च्या संग्रहात एक वुडचक स्वतःच बोलतो, आपल्या प्रियेशी. माझ्या बिळाला दोन दारं आहेत, बार उडाला की मी आत, शिकार पुढे निघून जाते, अशी त्याची मिजास. गोड आहे, चतुर आहे. पण त्यात कुणी मरत नाही, आणि त्यामुळे ती थोडी फुकटची वाटते. बाकी माणसाच्या शहाणपणावर भरवसा न ठेवणारं हे जनावर आम्हाला पटतं.

प्रश्न आहेत का? हं, तिकडे मागे. ताई, बोला. (प्रश्न : शिकारी माणसांनी स्वतः लिहिलेलं काही आहे का, की सगळे कवीच?)

चांगला प्रश्न. लिहिलेलं म्हणण्यापेक्षा सांगितलेलं आहे. जॉर्जियाच्या डोंगराळ भागातल्या शाळकरी मुलांनी १९६६ पासून 'फॉक्सफायर' नावाचं नियतकालिक चालवलं, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून. १९७२ साली त्याचं पुस्तक झालं. त्यात खार, रकून, ग्राउंडहॉग कसं सोलायचं, कसं शिजवायचं हे त्या माणसांच्या तोंडून आहे. तत्त्वज्ञान नाही, क्षमा मागणं नाही, बढाईही नाही. पहिल्यांदा वाचताना ते साहित्य आहे हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. पाककृती म्हणून पानं उलटली होती. मुलांनी त्या लोकांची बोली जशीच्या तशी ठेवलीय, त्यामुळे ग्रंथी कुठे असते हे सांगताना बाईचा हात स्वतःच्या काखेकडे गेला असणार, असं वाचताना वाटतं. ते पुस्तक पुढच्या वेळी घेऊन येऊ. पुढचा प्रश्न?