नकाशातली सुपीकता

कल्पित प्रांत रचणाऱ्या कादंबरीकाराला सुपीक जमीन फार सोयीची असते. पीक आहे म्हणून धन आहे, धन आहे म्हणून घराणी आहेत आणि घराणी आहेत म्हणून वैर. एवढे मांडले की कथानक चालू लागते. ती जमीन कसतो कोण, हा प्रश्न मात्र बहुधा बांधावरच राहतो.

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' ही कादंबरीमाला 1996 पासून येऊ लागली. तिच्यातील 'रिव्हरलँड्स' हा असाच प्रांत. ट्रायडंट नदीच्या खोऱ्यातली कसदार जमीन, पिढ्यान्‌पिढ्या भांडणारी ब्रॅकन आणि ब्लॅकवूड ही घराणी आणि चारही बाजूंनी उघड्या सीमा. कोणाचेही युद्ध असो, जळते ते याच प्रांतातले शेत.

शिरपूरच्या वाचकाला हा प्रांत परका वाटू नये. 1370 मध्ये फिरोजशहा तुघलकाने मलिक राजा फारुकीला थाळनेर आणि करवंदची जहागीर दिली. दोन्ही गावे आज शिरपूर तालुक्यात आहेत. 1399 मध्ये मलिक राजा वारला. लळिंग थोरल्या नसीरकडे गेले, थाळनेर धाकट्या इफ्तिखारकडे. 1417 मध्ये नसीरने माळव्याच्या मदतीने भावाचे थाळनेर घेतले. पुढे त्याला गुजरातच्या अहमदशहापुढे नमावे लागले. एका बाजूला माळवा, दुसऱ्या बाजूला गुजरात आणि मधे तापीचे खोरे. रिव्हरलँड्सची मांडणी याहून वेगळी नाही.

मार्टिनच्या दोन घराण्यांचे देवही वेगळे आहेत. थाळनेरचे दोन्ही दावेदार एकाच बापाचे, एकाच धर्माचे. मदतीला आलेला सुलतानही मुसलमान आणि दटावणाराही मुसलमान. वैराचे मूळ महसुलात होते. मध्ययुगातले प्रत्येक भांडण हिंदू-मुस्लिम चौकटीत कोंबणाऱ्या आपल्याकडच्या ऐतिहासिक लेखनाने हे एकदा नीट पाहावे. थाळनेरला फारुकींच्या कबरी आजही उभ्या आहेत.

मार्टिनचे मोठेपण मान्य केले पाहिजे. 'अ फीस्ट फॉर क्रोज' (2005) मध्ये ब्रिएन उद्ध्वस्त प्रांतातून फिरते, तेव्हा एक भटका धर्मोपदेशक शेतावरून उचलून लढाईत ढकललेल्या आणि शेवटी रानोमाळ झालेल्या माणसांविषयी बोलतो. अद्भुतरम्य कादंबरीत रयतेची बाजू इतक्या आस्थेने क्वचित येते.

तरीही एक उणीव राहतेच. मार्टिनचा शेतकरी मरतो, पळतो, भुकेला राहतो. शेती करताना तो फारसा दिसत नाही. त्याची दया येते, पण त्याची अक्कल कळत नाही. जमीन जणू आपोआप पिकते.

खानदेशात ती आपोआप पिकलेली नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेवर शेकडो वर्षे फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, तिथून पाट आणि पाटाखाली फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, पाटकऱ्याने पाणी द्यायचे, जागल्याने राखण करायची. शिरपूर तालुक्यातही 2004 नंतर भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले खोल-रुंद करून, सिमेंटचे बंधारे घालून पाणी जिरवावे लागले. सुपीकता ही माणसांनी एकमेकांशी केलेल्या कराराची गोष्ट आहे. सरदार वाटणीवरून भांडत असताना रयत पाणी वाटून घेत होती. नाट्य काय फक्त भांडणातच असते? दुष्काळात पाण्याची पाळी ठरवणाऱ्या बैठकीत ते कमी असते काय?

मराठीत असा प्रांत कोणी रचणार असेल, तर त्याने किल्ल्याच्या आधी पाट आखावा. आपल्या मुस्लिम लेखकांवर ही जबाबदारी थोडी अधिक आहे. आपला इतिहास म्हणजे सुलतानांची यादी, असे इतरांनी ठरवले आणि आपणही ते बऱ्याच अंशी मानले. थाळनेरच्या कबरींत कोण आहे, हे इतिहासाला ठाऊक आहे. त्या कबरींच्या भोवतालचे रान कोणी पिकवले, हे साहित्याने सांगायचे आहे.