सात मिलिमीटरची रचना

भाईंदर पश्चिमेकडून उत्तनच्या रस्त्याला मुर्धा लागतं. जवळच मिठागरं, हवेत खार. अशा गावात घरावरच्या छत्रीपासून टीव्हीपर्यंत उतरणारी काळी केबल बहुधा आरजी-६ जातीची असते. तिचं सात मिलिमीटर जाडीचं कापलेलं टोक हातात घेऊन सावकाश वाचावं, अशी ही रचना आहे.

मधली तार एक मिलिमीटरची. तांब्याची वाटते, खरवडली तर बऱ्याचदा आत पोलाद निघतं. फसवणूक? नाही. १ गिगाहर्ट्झचा प्रवाह तांब्याच्या वरच्या जेमतेम २ मायक्रॉनच्या थरातूनच वाहतो, त्याखालचं तांबं बिनकामाचं. शिवाय पोलादाच्या ताठपणामुळे हीच तार कनेक्टरची पिन होते. मात्र छत्रीवरच्या एलएनबीला, म्हणजे उपग्रहाचा संकेत टिपणाऱ्या डबीला, लागणारे १३ किंवा १८ व्होल्टही याच तारेतून वर जातात, आणि ती डीसी वीज अख्ख्या जाडीतून वाहते. केबल लांबवर न्यायची असेल तर मी अस्सल तांब्याच्या बाजूचा.

खरी गंमत तारेभोवतीच्या पांढऱ्या फेसात आहे. १९२९ साली अमेरिकेत एस्पेनशीड आणि ॲफेल यांनी ज्या केबलच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिच्या दोन वाहकांमध्ये मुख्यतः हवाच होती. हवेत संकेताची झीज सर्वांत कमी, पण तार मधोमध धरून ठेवायची कशी? पुढे भरीव पॉलिथिलीन आलं; त्यात संकेताचा वेग प्रकाशाच्या ६६ टक्क्यांवर येतो. त्याच प्लॅस्टिकमध्ये वायूचे बुडबुडे भरले की तो ८३ टक्क्यांच्या आसपास जातो. टीव्ही बघणाऱ्याला या वेगाचं काय? काहीच नाही. पण बाहेरचा व्यास तोच ठेवून, केबलचा ठरलेला ७५ ओहमचा अवरोध न बिघडवता, मधली तार जाड करता येते. तिचा पृष्ठभाग वाढतो आणि संकेत कमी झिजतो. प्लॅस्टिक काढून घेऊन केबल सुधारली, ही मला या रचनेतली सर्वांत देखणी ओळ वाटते.

तिच्या तोडीचं काही असेल, तर बाहेरची ॲल्युमिनियमची फॉइल. आपला संकेत तिच्या आतल्या अंगाने वाहतो, परका गोंगाट बाहेरच्या अंगाने, आणि इतक्या पातळ पत्र्यातही दोघांची गाठ पडत नाही. कारण तेच: दोघेही वरवरच्या थरातच राहतात. कमी वारंवारतेला हा थर जाड होतो, फॉइल अपुरी पडते. तिथे फॉइलवर विणलेली तारांची जाळी मदतीला येते.

जाळी मात्र या रचनेची कच्ची बाजू. स्वस्त केबलमध्ये ती ॲल्युमिनियमची असते आणि खाऱ्या ओलीत पांढरी भुकटी होऊ लागते. पाणी शिरतं कनेक्टरपाशी, मग आवरणाखालून जाळीतून पुढे सरकतं. म्हणून छतावरच्या जोडाआधी केबलला खाली झोल द्यावा, पाणी तिथेच ठिबकून जातं. जेल भरलेली केबल मिळाली तर आणखी उत्तम. मुर्ध्याच्या छतासाठी मी तीच निवडेन, सोलताना बोटं कितीही चिकट झाली तरी.