मारबत : जाळण्यासाठी घडविलेले शिल्प

आपल्या लोधीपुऱ्यात दरगाह-ए-हकीमीच्या शुभ्र संगमरवरासमोर उभे राहिले, की एखादा समाज आपली स्मृती किती निगुतीने जतन करतो ते दिसते. टिकते तेच खरे शिल्प, असा समज अशा वास्तूंमुळे दृढ होतो. नागपूरच्या मारबतींनी आमचा तो समज मोडला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, तेथील जुन्या वस्तीतून बांबू आणि कागदाच्या दोन अवाढव्य स्त्रीमूर्ती निघतात. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. पिवळी तऱ्हाणे तेली समाजाची. मिरवणुकीपूर्वी ती दर्शनाला बसते, लोक नवस बोलतात आणि जिच्यापुढे हात जोडले तिलाच अखेरीस अग्नी देतात. मागच्या वर्षीच्या मूर्तीची राख झालेली असते. तरी यंदाची पाहताच ओळखू येते. ही ठेवण दगडात नव्हे, माणसांच्या हातांत टिकली आहे.

सोबत निघणाऱ्या बडग्यांविषयी मात्र असे म्हणवत नाही. महागाई, भ्रष्टाचार असे विषय ताजे असतात. पण गळ्यातील पाटी काढली, तर राग कोणावर आहे हे कळू नये!

काळ्या मारबतीविषयी आमची तक्रार निराळी आहे. कोणी तिला पूतना म्हणतात, कोणी बाकाबाई भोसले. तिसरे रघूजी १८५३ मध्ये निपुत्रिक वारले, १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले आणि १८५७ मध्ये बाकाबाईंनी इंग्रजांची बाजू घेतली. हा दोष खराच. परंतु १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतरच ते राज्य आतून पोकळ झाले होते. त्या साऱ्या पराभवाचा भार एका वृद्ध विधवेच्या माथी का? 'ध'चा 'मा' तर आपण सर्वांनीच बालपणी ऐकला. दरबारातील पुरुषांची नावे किती जणांना आठवतात?

शिल्प म्हणून पाहिले, तर त्या काळ्या मूर्तीत बाकाबाई कोठेच नाहीत. ते रूप राक्षसिणीचे आहे, पूतनेला शोभणारे. इतिहास तिच्यावर बाहेरून चिकटविला आहे, बडग्याच्या पाटीसारखा.

पिवळीवर अशी पाटी आम्हांला दिसली नाही. तिच्यापाशी आम्ही अधिक वेळ उभे राहिलो.