शंकेचीही प्रतवारी

थायरॉइडच्या गाठीतून सुईने काढलेल्या पेशींचा रिपोर्ट कोणी वाङ्मय म्हणून वाचायला घेत नाही. पण तो ज्या साच्यात लिहिला जातो, ती 'बेथेस्डा पद्धत' निरखून वाचावी अशी आहे. अमेरिकेत मेरिलँडमधल्या बेथेस्डा इथे २००७ साली परिषद भरली, तिच्यातून ही पद्धत आली; सय्यद अली आणि एडमंड सिबास यांनी तिचा ग्रंथ संपादित केला. त्याआधी प्रत्येक पॅथॉलॉजिस्ट आपापल्या शब्दांत शंका व्यक्त करी आणि तिचा अर्थ लावता लावता सर्जनच्या नाकी नऊ येत.

ग्रंथात सहा गट आहेत. पहिल्यात नमुना अपुरा, दुसऱ्यात गाठ निर्धोक, सहाव्यात सरळ कॅन्सर. इथे रेंगाळण्यासारखे फार नाही. खरे लेखनकौशल्य मधे आहे. तिसरा गट घ्या. चार-दोन पेशींची केंद्रके जरा मोठी, कडा किंचित वेड्यावाकड्या. कॅन्सर म्हणायला पुरावा थोडका, निर्धोक म्हणायला मन धजत नाही. अशा वेळी नुसते 'अर्थ ठरवता येत नाही' असे लिहून हात झटकता आले असते. ग्रंथ तेवढ्यावर थांबत नाही. तो शंकेपुढे आकडा मांडतो: मोठ्यांमध्ये अशा गाठींत कॅन्सर निघण्याचे प्रमाण सरासरी २२ टक्के.

चौथा गट मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. फॉलिक्युलर जातीच्या गाठीत कॅन्सर आहे की नाही, हे पेशींनी गाठीचे आवरण किंवा रक्तवाहिनी भेदली आहे का, यावर ठरते. सुईत पेशी येतात, आवरण येत नाही. मूठभर विटा पाहून भिंत कुठे फुटली हे सांगण्यासारखेच ते. ही तपासणी कुठे संपते, हे तिच्याच ग्रंथाने गटाच्या रूपाने नोंदवून ठेवले आहे.

आता २०२३ची तिसरी आवृत्ती. तिच्यात मुलांचा तक्ता वेगळा दिला आहे. तिसऱ्या गटात २८ टक्के, चौथ्यात ५०. मोठ्यांमध्ये चौथ्याचा आकडा ३० आहे. गटाचे नाव तेच, पण पेशंटचे वय बदलताच त्याचे वजन बदलते. मुलांना थायरॉइडच्या गाठी मुळात क्वचितच होतात, पण झाल्या तर अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१५च्या मार्गदर्शिकेनुसार त्यांतल्या २२ ते २६ टक्के कॅन्सरच्या असतात. म्हणून तिसऱ्या-चौथ्या गटात मुलांच्या बाबतीत पुन्हा सुई घालण्यापेक्षा गाठ असलेला अर्धा थायरॉइड काढण्याकडे मार्गदर्शिकेचा कल होता. नवी आवृत्ती तिसऱ्या गटापुरती दोन्ही वाटा मोकळ्या ठेवते. मोठ्यांसाठी जनुकांच्या चाचण्या हाताशी असतात. पण त्या मोठ्यांच्या गाठींवर बेतलेल्या. मुलांच्या कॅन्सरमध्ये बीआरएएफपेक्षा आरईटी, एनटीआरके या जनुकांची जोडतोड अधिक दिसते. त्यामुळे चाचणी 'निगेटिव्ह' आली म्हणून लगेच निःश्वास टाकता येत नाही.

तक्त्याला एक खोट आहेच. हे टक्के मुख्यतः ऑपरेशन झालेल्या गाठींवरून काढलेले. ज्यांना नुसते नजरेखाली ठेवले त्या गाठी हिशेबात येत नाहीत, आणि आकडे थोडे फुगतात. मुलांच्या रकान्यात तर मुळात पेशंटच कमी. '५०' हा आकडा म्हणून जपूनच वाचावा.

शिवाय ऑपरेशनची किंमत असते: आवाजाची नस, कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथी. मुलांत हे धोके मोठ्यांपेक्षा जास्त, म्हणून वर्षाला मानेतल्या अशा ग्रंथींची किमान ३० ऑपरेशने करणारा सर्जन हवा, असे तीच मार्गदर्शिका सांगते. दिलासा असा की मुलांमध्ये नेहमी आढळणारा पॅपिलरी कॅन्सर मानेतल्या लसीका ग्रंथींपर्यंत पोचला तरी बहुतेक मुले त्यातून बरी होतात. तेव्हा मुलाच्या रिपोर्टवर तिसरा किंवा चौथा गट दिसला तर घाबरून त्याच आठवड्यात ऑपरेशनची तारीख घेऊ नका. स्लाइड दुसऱ्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टला दाखवा, आणि सर्जनला 'वर्षाला थायरॉइडची किती ऑपरेशने करता?' हे बिनदिक्कत विचारा.