गुरुमाउली ख्रिस्त : टिळकांच्या एका भजनाचा अर्थ

भोकरला आमच्या गल्लीत एका ख्रिस्ती घरी प्रार्थनेला माणसे जमत. टाळ-ढोलकीवर भजन सुरू झाले की गळ्यात तुळशीची माळ असलेली माझी आजी ओट्यावर बसून ठेका धरी. 'माउली' हा शब्द कानी पडताच तिचे हात आपसूक जोडले जात. भजन कोणत्या देवाचे, हा प्रश्न तिला कधी पडला नाही. मला पुढे पडला, आणि त्या शोधात मी रेव्हरंड नारायण वामन टिळकांपाशी पोहोचलो.

टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याआधी मराठी चर्चमध्ये प्रामुख्याने इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीते गायिली जात. टिळकांनी अभंग आणि कीर्तन ही आपली वाट धरली. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. त्यांच्या एका प्रसिद्ध भजनात ख्रिस्ताला आई आणि गुरू अशी एकत्रच हाक आहे. इंग्रजी अनुवादकाला तिथे 'मदर-गुरू' असा जोडशब्द करावा लागला. मराठीत मात्र ती हाक आधीपासून रुळलेली होती.

या हाकेवर दोन बाजूंनी आक्षेप येतो. काही ख्रिस्ती मंडळींना ती फार वारकरी वाटते. इतरांना ती धर्मप्रसारासाठी उसनी घेतलेली वाटते. मला दोन्ही आक्षेप अपुरे वाटतात.

ज्ञानेश्वरीच्या १२व्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव सद्गुरूच्या कृपादृष्टीला आई म्हणून आळवतात. आमच्या शेजारच्या गंगाखेडची जनाबाई विठ्ठलाला लेकुरवाळा पाहते. पण हे रूप बायबललाही परके नाही. यशयाच्या ग्रंथात (६६:१३) देव आईसारखे सांत्वन करतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात (२३:३७) येशू यरुशलेमसाठी कळवळतो, तो पिलांना पंखाखाली घेऊ पाहणाऱ्या कोंबडीच्या उपमेने. चौदाव्या शतकात इंग्लंडमधील नॉर्विचच्या ज्युलियननेही ख्रिस्ताला आई म्हटले होते. पाश्चात्त्य उपासनेत 'पिता' आणि 'प्रभू' यांच्यापुढे हे रूप मागे पडले. संतवाणीवर वाढलेल्या टिळकांना ते सहज दिसले.

टिळकांची आई लहानपणीच गेली, म्हणून देवात आई शोधली, असा चरित्रात्मक अर्थही लावता येतो. तो खोटा नसेल, पण तेवढ्याने 'गुरू' या शब्दाचा उलगडा होत नाही. आई लेकराची पात्रता पाहत नाही. गुरू मात्र जुने सोडायला लावतो. टिळकांच्या बाबतीत हे सोडणे शब्दशः घडले. धर्मांतरानंतर पत्नीचा काही वर्षांचा विरह त्यांनी सोसला. लक्ष्मीबाईंनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला; त्या काळाची त्यांची बाजू 'स्मृतिचित्रे'त आहे. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून टिळकांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभारला. या आयुष्याजवळ ठेवून वाचले, की त्या गोड हाकेतला 'गुरू' बोचू लागतो.

टिळकांचे सर्वच काव्य हा तोल सांभाळते असे नाही. कुठे कुठे वात्सल्य इतके दाटते, की क्रूसाची वेदना अंगाईत विरून जाते. या भजनात तसे होत नाही, म्हणून ते मला मोठे वाटते.

आजीने माळ कधी उतरवली नाही, आणि त्या घरच्यांनी तिला तसे कधी सुचवलेही नाही. ते भजन मात्र ती अखेरपर्यंत दळताना गुणगुणत असे.